लोककलेचे हवालदार

"कधी जात्यावर बसलीयस का गं?"

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये, लेक व्ह्यू रोडच्या आतल्या एका गल्लीत, आमच्या शेजाऱ्यांकडे बसलो असताना पुण्याहून आलेल्या माझ्या पाहुण्यांनी हा प्रश्न टाकला. शेजारी तंजावरकडचे मराठी. त्यांची मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली, मांबलम स्टेशनवरून लोकल पकडून नोकरीला जाते आणि आजीकडून ऐकलेल्या चालींवर, घरात बोलतात त्या मराठीत, स्वतः ओव्या रचून म्हणते. नुकतीच तिने एक म्हटली होती. पहाटे तीनला उठून आजी पाण्याच्या टँकरसाठी घागरी रांगेत लावायची, त्याबद्दलची. आजी मान डोलावत होती. पाहुणे डोलावत नव्हते.

"नाही, मामा," ती म्हणाली.

पाहुणे दचकले. इथे कोणाही वडीलधाऱ्या पुरुषाला मामा म्हणतात, बाईला मामी. त्यात मान असतो. पण मराठी कानाला 'मामा' ऐकू आलं की एक तर कोणी तरी आपल्याला बनवतंय असं वाटतं, नाही तर नाक्यावरचा हवालदार आठवतो. मला हवालदार आठवला. पाहुण्यांनी काम तेच केलं होतं: गाणं ऐकून गाणारीकडे रहिवासाचा दाखला मागितला होता.

जिना उतरताना निकालही लागला. "पोरगी गोड आहे. पण हे खरं नव्हे. लोकगीताला माती लागते."

हे मत एकट्या पाहुण्यांचं असतं तर कॉफीबरोबर गिळून टाकलं असतं. पण स्पर्धांचे परीक्षक, व्याख्यानांचे अध्यक्ष, दिवाळी अंकांतले हळवे लेखक, सगळे हेच बोलतात. त्यांचं म्हणणं त्यांच्याहून स्वच्छ शब्दांत मांडतो, म्हणजे विपर्यासाचा आरोप नको. लोकगीत खेड्यात उगवतं. शेतात, जात्यावर, जत्रेत. ते आपोआप उगवतं, त्याला कर्ता नसतो. ते विकायचं नसतं. शहरात वाढलेल्या माणसाने ते म्हटलं तर नक्कल, रचलं तर बनावट, आणि त्यावर पोट भरलं तर धंदा. शहराला लोकगीत ऐकायचा हक्क आहे, तिकीट काढून. गायचा नाही.

हवालदारांनी कलमं लावलीच आहेत, तर एकेक कलम तपासू.

पहिलं कलम मातीचं. शब्द लोकगीत असा आहे, मातीगीत असा नाही. त्यात लोक आहेत, आणि लोकांना पाय असतात. शहरात काय पुतळे राहतात? मराठीच्या ज्या लावणीवर आपण जीव टाकतो, ती ऐन बहरात कुठे होती? पेशव्यांच्या पुण्यात, पेठांमध्ये. होनाजी शिलारखाने गवळी, पण पुण्यातला. त्याची रचना गाणारा बाळा कारंजकर शिंपी. सगनभाऊ मुसलमान, शिकलगार. गवळी, शिंपी, शिकलगार ही काय नांगरधाऱ्यांची यादी आहे? ही बाजारपेठेतली माणसं. त्यांच्या लावणीला आज लोककला म्हणायचं आणि त्याच पुण्यातून आलेल्या पाहुण्यांनी चेन्नईतल्या मुलीला सांगायचं की शहरात लोकगीत होत नाही! आपल्या पेठेचा इतिहास विसरायला गाव सोडावं लागत नाही, हे मात्र यातून सिद्ध होतं.

पेशवाई फार जुनी वाटत असेल तर मांबलमहून लोकलने उत्तरेकडे जा. पुळियंतोप, व्यासरपाडी या उत्तर चेन्नईतल्या कष्टकरी वस्त्यांमध्ये 'गाना' नावाचा गाण्याचा प्रकार आहे. कोणाच्या घरी मयत झालं की रात्रभर प्रेताजवळ बसून तो गातात. मेलेल्याचं आयुष्य, त्याची उधारी, त्याचं प्रेम, पोलिसांचा मार, सगळं त्यात येतं. भाषा मद्रासच्या रस्त्यावरची, जी ऐकून मदुराईचा तमिळही बुचकळ्यात पडतो. हे गाणं कोणत्याही खेड्यातून आणलेलं नाही. ते बंदराच्या, गोद्यांच्या, झोपड्यांच्या शहरातच जन्मलं. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने जानेवारी २०१८ मध्ये त्याला मोठ्या मंचावर आणलं, तेव्हा ऐकायला तोबा गर्दी झाली. याला लोकगीत म्हणायचं नसेल तर पर्यायी शब्द हवालदारांनीच सुचवावा.

दुसरं कलम जन्माचं. शहरात वाढलेला तो रस कुठून आणणार, असा त्यांचा सवाल आहे. उत्तराला एकच नाव पुरेल: विठ्ठल उमप. जन्म १५ जुलै १९३१, गाव मुंबई, मुक्काम नायगाव. ओढा नाही, पार नाही, बांध नाही. चाळ, गिरणीचा भोंगा आणि नळावरची रांग. या माणसाने गोंधळ गायला, भारूड गायलं, पोवाडा, कोळीगीत, भीमगीत, कव्वाली गायली. आकाशवाणीवर गायले, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, स्वतः गाणी लिहिली आणि चालीही बांधल्या. 'जांभूळ आख्यान' घेऊन ते उभे राहिले तेव्हा हातात दिमडी, बाजूला संबळ-तुणतुणं, आणि एकट्या देहात कृष्ण, पांडव, कर्णाचा विचार मनात दडवलेली द्रौपदी. उतारवयातला तो पुरुष पदर सावरल्यासारखा हात करायचा आणि सभागृहाला द्रौपदी दिसायची. त्या वेळी कोणी विचारलं का, की बुवा, आपण नायगावचे, महाभारताच्या जांभळाखाली आपण कधी बसलात?

२००८ च्या 'टिंग्या' या चित्रपटात जुन्नरकडचं खेडं आहे, शेतकऱ्याचं पोर आहे, त्याचा बैल आहे. त्या खेड्यात हे नायगावकर शोभले, आणि एकाही प्रेक्षकाने त्यांना मुंबईचे म्हणून बाहेर काढलं नाही. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात, कार्यक्रमाच्या मंचावरच त्यांनी देह ठेवला. आठ दशकांच्या या आयुष्यात मूळ शोधायचं तर कुठे शोधाल? सातबाऱ्यावर?

मी तर पुढे जाऊन म्हणतो की उमपांचा आवाका मोठा होता तो शहरात वाढूनही नव्हे, शहरात वाढले म्हणूनच. खेड्यातल्या पोराच्या कानावर त्याच्या पंचक्रोशीचं गाणं पडतं. गिरणगावाच्या आसपासच्या चाळीत एका मजल्यावर कोकणातलं भजन, दुसऱ्यावर घाटावरचा गोंधळ, गल्लीच्या तोंडाशी कलापथकाचा डफ आणि पलीकडच्या मोहल्ल्यात कव्वाली. दहा जिल्ह्यांचं गाणं एका जिन्यावर. एवढी शिदोरी कोणत्या गावाने कोणत्या पोराला दिली आहे?

आणि गावात जन्मलेले? शाहीर अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. वडिलांबरोबर चालत मुंबईला आले. त्यांनी, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं ते मुंबईच्या कामगारांत. गावाकडे राहिलेल्या मैनेसाठी झुरणारी अण्णाभाऊंची प्रसिद्ध छक्कड बांधावर बसून सुचणं शक्य तरी होतं का? मैना गावाकडे राहायला आधी माणूस शहरात यावा लागतो. वामनदादा कर्डक सिन्नरजवळच्या देशवंडीचे, पण अक्षर गिरवलं मुंबईत, मोठेपणी. त्यांची गाणी मग शहरातून निघून गावोगावच्या वस्त्यांत पोचली आणि आज तिथल्या बाया ती पिढीजात असल्यासारखी म्हणतात. पाणी नेहमी खेड्याकडून शहराकडेच वाहतं, हे या मंडळींना कोणी सांगितलं?

तिसरं कलम जात्याचं. जातं नाही तर ओवी कुठली? ठीक. मग हेच कलम खेड्याला लावा. तिथे तरी जातं कुठे उरलंय? विजेची चक्की आली आणि बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. पहाटे उठून खांदे मोडेपर्यंत दळण्याचं दुःख हळव्या लेखकांना नसेल, दळणाऱ्यांना होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या ओव्यांत जात्याचं कौतुक शोधायला गेलात तर कष्ट, माहेर, भाऊ, सासुरवास, आंबेडकर आणि विठ्ठलच अधिक सापडतील. ओवी दगडाची नव्हती, दळणारीच्या मनाची होती. जातं थांबल्यावर मनही थांबलं का? मांबलममधल्या आजीला पहाटे उठवणारं जातं नव्हतं, टँकर होता. झोप तीच मोडली, पाठ तीच दुखली. नातीने त्यावर ओवी बांधली तर ती बनावट, आणि बंद पडलेल्या जात्यावर मंचावर मूठभर ज्वारी टाकून फोटोपुरती म्हटलेली ओवी अस्सल?

चौथं कलम कर्त्याचं आणि कमाईचं. लोकगीताला कर्ता नसतो म्हणे. मराठीइतकी सही करणारी गाणी दुसरीकडे क्वचित सापडतील. अभंगाच्या शेवटी तुकोबांचं, नामदेवांचं, जनाबाईंचं नाव येतं. लावणीच्या शेवटी होनाजी येतो, सगनभाऊ येतो. पठ्ठे बापूराव तर स्वतःचं नाव छातीवर बिल्ला लावावा तसं मिरवतात. आणि हे बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. हवालदारांनी त्यांनाही जातीचा आणि जमिनीचा दाखला मागून तमाशाच्या बोर्डावरून उतरवलं असतं. कर्ता विसरला गेला म्हणून गाणं लोकांचं होत नाही. लोकांनी घेतलं म्हणून होतं. कर्त्याचं नाव हरवलं तर तो गाण्याचा गुण नव्हे, आपला निष्काळजीपणा.

आणि पैसा? तमाशाच्या फडाला सुपारी मिळते, लावणीला दौलतजादा होते, गोंधळ्याला बिदागी, वासुदेवाला सुपातलं धान्य, वाघ्या-मुरळीला कोटंबा भरून दान. पोटासाठी गाणं ही लोककलेची सर्वांत जुनी परंपरा आहे. फुकट गायची अपेक्षा करणारा हा सुखवस्तू रसिकच नवा आहे. तो स्वतः पेन्शन घेतो, आणि दिमडी वाजवणाऱ्याने मात्र निष्काम राहावं! खेड्यातल्या गोंधळ्याने बिदागी घेतली तर ती रीत, आणि शहरातल्या गायकाने मानधन सांगितलं तर तो बाजार. हा फरक कोणत्या धर्मशास्त्रात लिहिला आहे?

पाचवं कलम नकलेचं, आणि हे त्यांना सर्वांत आवडतं. जे जन्माने आपलं नाही ते शिकून आपलं होत नाही म्हणे. मी राहतो ती भूमीच या मताच्या मुळावर उठलेली आहे. आर्य गौडा रोडवरच्या अयोध्या मंडपात भजनाला बसा. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी पंढरपूर पाहिलं नसेल, अशी तमिळ माणसं अभंग म्हणतात. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. म्हणून भजनाच्या पुस्तकात अक्षराच्या डोक्यावर बारीक दोन, तीन, चार असे आकडे छापतात, की कोणता उच्चार करायचा ते कळावं. आकडे पाहून 'ग' आणि 'घ' वेगळा काढणारा तो म्हातारा नक्कल करतो आहे, की आपल्यापैकी ज्यांना 'ळ' आणि 'ल' एकच वाटू लागलेत त्यांच्याहून मराठीची जास्त काळजी घेतो आहे?

एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवा महाराष्ट्रातून तंजावरला आले, त्यांचं कीर्तन ऐकून तंजावूर कृष्ण भागवतर पेटून उठले आणि तमिळ हरिकथेचं रूप घडलं. त्या हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी ही नावं तशीच आहेत. त्याआधी तंजावरच्या सरफोजी राजांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' आहे. कुरवंजी म्हणजे डोंगरातल्या, भविष्य सांगणाऱ्या कुरवा बाईचं तमिळ लोकनाट्य. राजाने ते मराठीत आणलं आणि त्या बाईच्या तोंडून हात बघता बघता जगाचा भूगोल सांगितला. राजवाड्यात वाढलेला, मिशनऱ्याकडे शिकलेला, ग्रंथालयात रमणारा हा गृहस्थ डोंगर कधी चढला होता का, अशी चौकशी कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

दाखले मागण्याचा हा रोग आपलाच आहे असंही नाही. उमपांच्या जन्मानंतर बरोबर सतरा दिवसांनी, १ ऑगस्ट १९३१ ला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका डॉक्टरच्या घरी एलियट चार्ल्स अ‍ॅडनोपॉझ नावाचा मुलगा जन्मला. पोरवयात घरातून पळून रोडिओत, म्हणजे घोडे-बैलांच्या खेळांच्या फिरत्या जत्रेत गेला, तिथल्या विदूषकाची गिटार ऐकून त्या नादाला लागला, आणि पुढे रॅम्बलिन जॅक एलियट म्हणून अमेरिकेच्या लोकसंगीताचा थोर गायक झाला. गंमत अशी की ओक्लाहोमाच्या धुळीतून आलेले त्याचे गुरू वुडी गथ्री त्याला भेटले ते कुठल्या कुरणात नव्हे. ते तेव्हा ब्रुकलिनमध्येच, कोनी आयलंडजवळ राहत होते. गाणं त्याच्याच शहरात येऊन बसलं होतं. त्याने ते उचललं, आणि पुढे तरुण बॉब डिलनने त्याच्याकडून. डॉक्टरचा मुलगा काउबॉयची टोपी घालतो म्हणून हसणारे तिथेही होतेच. १९९८ मध्ये अमेरिकेने त्याला कलेचं राष्ट्रीय पदक दिलं. हसणाऱ्यांची नावं कोणाला आठवत नाहीत.

एक गोष्ट मान्य करतो, तेवढीच. शहरात लोकगीताच्या नावाखाली पुष्कळ कचरा निघतो. जाहिरातीतली नऊवारी, नवरात्रापुरती संबळ, अर्थ न कळता ओढलेले हेल. पण तो कचरा आहे तो न शिकल्यामुळे, शहरामुळे नव्हे. खेड्यातल्या वरातीत छाती फोडणारा डीजे काय आकाशातून पडला? वाईट गाणं वाईटच. त्याला पिनकोड लागत नाही.

आता मला खरं खुपतं ते सांगतो. मातीचा हा आग्रह धरणाऱ्यांपैकी किती जण स्वतः मातीत राहतात? बहुतेकांनी गाव सोडून दोन पिढ्या झाल्या. गाव त्यांना हवं असतं ते आठवणीत, दुसऱ्याच्या अंगावर. आपण शहरात फ्लॅट घ्यायचा आणि गायकाने मात्र आपल्यासाठी जन्मभर गाव सांभाळत बसायचं. शिवाय गाव सगळ्यांना सारखंच गोड होतं का? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर ठरवलं होतं. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी शहर म्हणजे मूळ तुटणं नव्हतं, मूळ धरणं होतं. उमपांच्या भीमगीताला आणि पुळियंतोपच्या गानाला "यात गावची माती नाही" असं म्हणणं म्हणजे त्या गायकांना नाजूक शब्दांत पुन्हा वेशीबाहेर उभं करणं आहे. ही रसिकता नव्हे. ही जुनीच चौकी आहे, फक्त हवालदाराच्या हातात काठीऐवजी तानपुरा आहे.

पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सोडायला निघालो तेव्हा त्यांनी रस्त्याची पाटी वाचली आणि खुशीत येऊन म्हणाले, "बघा, लेक व्ह्यू रोड. नाव आहे, तळं कुठाय? तुमच्या शहरी लोकगीताचं हेच."

उपमा झकास होती. फक्त त्यांना मांबलम ठाऊक नव्हतं. रुळांच्या पलीकडे एके काळी खरंच लांबलचक तळं होतं, आणि या रस्त्यावरून ते दिसायचं. १९२० च्या दशकात ते आटवून तिथे टी. नगर वसवलं. तिथे आता साड्यांची आणि सोन्याची दुकानं आहेत. पण २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२१ च्या नोव्हेंबरात पाऊस लागला तेव्हा हेच पाणी टी. नगरात आणि आमच्या मांबलममध्ये, तळमजल्यांच्या दारांत येऊन उभं राहिलं. त्याला कोणी नकाशा दाखवला नव्हता. वर डांबर घाला, इमारती उभ्या करा, दुसरं नाव द्या; पाणी आपली जागा विसरत नाही.

गाण्याचंही तसंच आहे. ते नायगावच्या चाळीत वर आलं, पुळियंतोपच्या मयताच्या रात्री वर आलं, मांबलमच्या आजीच्या घागरींतून तिच्या नातीच्या तोंडी आलं. जिथे लोक आहेत तिथे लोकगीत आहे, मग त्यांच्या पायाखाली काळी माती असो की फरशी. दाखला मागायचाच असेल तर गाणारीचा जन्म कुठे झाला हे विचारू नका, मामा. तिचं गाणं ऐकून आजीने मान का डोलावली, ते विचारा.